अक्षतांच्या वेळी हिरवं होणारं चित्र

रहिमतपुरात लग्नाच्या व्हिडिओला लोक अजून कॅसेटच म्हणतात. कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला, आता तर नवी मंडळी फोनवर लिंक मागतात, पण "कॅसेट कवा मिळणार?" हा सवाल काही बदललेला नाही. गावातून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतून फिरत फिरत हा सवाल शेवटी दीपमालाच्या खोलीत येऊन पडतो. फोटोग्राफर लग्न शूट करून आणतात. दीपमाला ते कापते, जोडते, वर गाणी चढवते. धंद्यात याला मिक्सिंग म्हणतात.

नवरा उदयसिंह फौजेत होता, तेव्हा ती हे काम साताऱ्याच्या एका स्टुडिओत शिकली. मयूरी तेव्हा पाळण्यात होती. "बाईमाणूस दिवसभर दुसऱ्याची लग्नं बघत बसतंय," म्हणून गावानं नावं ठेवली. पुढं नावं ठेवणाऱ्यांच्याच घरची लग्नं तिच्याकडे यायला लागली. दीपमाला कुणाला एका शब्दानं बोलली नाही. ज्यांनी फार नावं ठेवली होती त्यांच्या कॅसेटीत जेवणाची पंगत तिनं फक्त जरा लांबवली, आणि कोण किती वेळा जिलेबी घेतो ते नीट दिसेल असं बघितलं.

तिच्या खोलीत तिथी-वार चालत नाहीत. बाहेर उसाला तोड लागते, आल्याला पाणी सुटतं, उदयसिंह पेन्शन घेऊन साताऱ्याहून परत येतो, आणि आत मात्र कायम मुहूर्त जवळ आलेला असतो. सकाळी हळद, दुपारी वरात, चहा पिऊन आली की पाठवणी. दुसऱ्यांच्या आनंदात असं वर्षानुवर्षं बसून तिला एक सवय जडली होती. बाजारात एखादी अनोळखी बाई दिसली की ती ओळखीचं हसायची. ती बाई गोंधळून बघायची, कारण तिला दीपमाला माहीत नसायची. पण ही बाई पाठवणीला कुणाच्या गळ्यात पडून रडली होती आणि कुणाकडं बघायचं टाळत होती, ते दीपमालाला पाठ असायचं.

आणि तिला चेहरे वाचता यायचे. अंतरपाट बाजूला झाला की हार घालायच्या आधी एक क्षण असा असतो, की नवरीला आपला चेहरा सावरायला वेळच मिळत नाही. पार्लरवालीचा रंग तिथं उपयोगी पडत नाही. दीपमाला त्या जागी थांबायची, चेहरा बघायची आणि उदयसिंहला सांगायची, "ही पोरगी सुखानं नांदंल बघा." कधी काहीच सांगायची नाही. अशा वेळी तिथं फुलांचा पाऊस टाकून ती पुढं जायची.

"तू आता पंचांगच काढ," उदयसिंह म्हणायचा.

मार्गशीर्षात मयूरीचं लग्न झालं. मुलगा धैर्यशील, माधवनगरचा, घरी हळदीचा व्यापार, माणसं चांगली. मयूरीला पुण्यात नोकरी करायची होती, एक-दोन ठिकाणी तिनं अर्जही केले होते. पण स्थळ घरी चालत आलं, आणि असं स्थळ हातचं घालवू नये असं दीपमालाला मनापासून वाटलं. तिनं चार दिवस लेकीला गोडीनं समजावलं. शेवटी मयूरी म्हणाली, "मम्मी, तू म्हणशील तसं." त्या दिवशी ते शब्द दीपमालाला साखरेसारखे लागले होते. लग्न झालं, घर रिकामं झालं, आणि तेच शब्द रोज थोडे थोडे कडू होत गेले. तू म्हणशील तसं, म्हणजे माझ्या मनात तसं नाही, असं तर नव्हतं?

हे तिला अक्षतांच्या वेळीच कळलं असतं. पण मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात. का, ते कुणाला धड सांगता येत नाही. दृष्ट लागते म्हणतात, आईचा जीव अडकतो म्हणतात. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली की आई मांडवामागं तुळशीला पाणी घालत उभी राहते. दीपमालाही उभी राहिली. तांब्यातली धार धरून तिनं सगळं लग्न कानांनी ऐकलं. जिनं अर्ध्या तालुक्याच्या अक्षता पाहिल्या होत्या, तिला पोटच्या पोरीच्या तेवढ्या दिसल्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तरी तिनं मनाची समजूत घातली, की आपल्याला काय, आपण खोलीत बसून निवांत बघू.

शूटिंग पुतण्याचं होतं. विश्वजीत, थोरल्या दिराचा मुलगा, साताऱ्यात त्याचा स्टुडिओ आहे. त्यानं आणून दिलेलं सगळं दीपमालानं कॉम्प्युटरच्या टाइमलाइनवर क्रमानं मांडलं. हळद झकास होती. वरात झकास होती. स्टेजवरच्या कॅमेऱ्याची मुहूर्ताची क्लिप लागली, दोघांच्या मधला अंतरपाट दिसला, मयूरीच्या मामाची बेसूर मंगलाष्टकं सुरू झाली आणि चित्र हिरवं झालं.

हिरवं म्हणजे कोवळ्या भाताच्या खाचरासारखं एकसारखं हिरवं. मध्येच त्यातून एखादा फेट्याचा तुरा, एखादा बांगड्यांचा हात वर यायचा आणि पुन्हा बुडायचा. आवाज मात्र लख्ख. शुभमंगल सावधान, मग वाजंत्री, मग लोकांचा गलका. ती पडद्यासमोर बसून पुन्हा सगळं कानांनीच ऐकत होती. तुळशीपासून ती खोलीपर्यंत आली होती, पण लग्न काही जवळ आलं नव्हतं.

बाकीच्यांकडे शोधून झालं. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या पाहुण्यांचे मोबाइल होते. दुसरा कॅमेरा हॉलच्या मागं होता, त्यात मयूरी अंगठ्याएवढी. फोटोवाल्यानं नेमका तो क्षण टिपला होता, पण मधे धैर्यशीलच्या चुलत्यांचा फेटा आला होता. फेटा अगदी सुरेख आला होता. आणि जिला विचारावं ती बाई म्हणायची, "लय ग्वाड दिसत हुती गं पोरगी." यातून काय कळणार?

मयूरीला फोन लावला की ती म्हणायची, "बरं हाय, मम्मी." जेवण? बरं हाय. सासूबाई? बऱ्या हायत. जावई? बरं हायत. एवढं बोलून ठेवायची. पूर्वी बोलायला लागली की थांबायची नाही ती पोर. दर फोननंतर दीपमाला पुन्हा त्या हिरव्या चित्रापुढं जाऊन बसायची.

कॅमेऱ्यानं काढलेलं चित्र फाइलमध्ये गाठोडं बांधल्यासारखं आवळून ठेवलेलं असतं. ते सोडल्याशिवाय दिसत नाही. सोडायचं काम ग्राफिक्स कार्डानं करावं, म्हणजे ते झटक्यात होतं. याला हार्डवेअर डिकोडिंग म्हणतात, आणि मिक्सिंगवाले त्यासाठीच चांगलं कार्ड घेतात. दीपमालाला वाटलं, कार्डच बिघडलं. तिनं क्लिप पुन्हा उतरवून घेतली. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून धूळ झटकली, कार्ड काढून परत बसवलं. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवा टाकला, तर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. चांगली चालणारी दुसऱ्यांची लग्नंही अडखळायला लागली. परत जुना टाकला. क्लिप फोनवर घातली, तर फोननं फाइल उघडायलाच नकार दिला. कॅमेऱ्यात बघावं, तर त्यातलं मेमरी कार्ड पुसून विश्वजीतनं त्यावर पुढची कितीतरी लग्नं काढली होती.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसा माधवनगरहून विहीणबाईंचा फोन आला. "ताई, कॅसेट कवा मिळणार? घरात मिक्सिंग आसून उशीर व्हय?" बोलणं हसत हसत होतं, पण लागायचं ते लागलंच.

दुपारी खुर्चीतच तिचा डोळा लागायचा. स्वप्नात हिरवा हॉल असायचा, माणसं गुडघाभर हिरव्यात उभी, आणि पलीकडं मयूरी, कधी शालूत, कधी शाळेच्या गणवेशात. तिचं तोंड दुसरीकडं असायचं. दीपमाला हाक मारायची, पण आवाज फुटायचा तो मामाच्या मंगलाष्टकांचा. जागी झाली की तिला हसूही यायचं आणि रडूही.

शेवटी उदयसिंह म्हणाला, "आगं, कराडला दाखीव की. हितं बसून चित्र पिवळं हुनार हाय का?"

त्यानं तिला मोटारसायकलवरून स्टेशनला सोडलं. मऊ सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं कार्ड पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि गाडीच्या खिडकीत उन्हाची तिरीप. तोड झालेली रानं, मधेच उभा ऊस, पाचट जाळल्याचा धूर, कुणाच्या तरी दारात मांडवाचे खांब. दीपमालाला वाटलं, आपण पिशवीत कार्ड नाही, पोरीचा चेहराच घेऊन निघालोय, आणि तो कुणीतरी नीट करून द्यायचाय. डोळे मिटले तरी कराड येईपर्यंत ते ओझं मांडीवर जाणवत राहिलं.

कराडात कॉलेजच्या बाजूला बिराप्पाचं दुरुस्तीचं दुकान आहे. मूळचा जतकडचा, बोलायला रोखठोक. त्यानं कार्ड आपल्या मशीनला लावलं, तासभर चालवून तापवलं, नाना क्लिपा चालवल्या.

"मावशी, कार्ड ठणठणीत हाय."

दीपमालाचा चेहरा उतरला. दुखणं सापडलं असतं तर औषध होतं. धडधाकट माणसाला कोण काय देणार?

"मग ती एक क्लिप हिरवी का हुतीय?"

"आणलीय का?"

आणली होती, पण ती ताकाला जाऊन भांडं लपवत होती. "एका गिऱ्हाइकाची हाय," म्हणत तिनं पेनड्राइव्ह पुढं केला. बिराप्पानं क्लिप चालवली नाही, नुसती तिची माहिती उघडून बघितली आणि मान हलवली.

"ही न्हेमीच्या सेटिंगवर काढल्याली न्हाई. सगळी क्वालिटी फुल ठेवलीय, रंग लय बारीक भरलाय. तुमचं कार्ड जुन्या वळणाचं. त्याला ही गाठ सुटत न्हाई. न्हाई सुटत तर गप बसावं का न्हाई? ते तसंच वडाय जातंय आन सगळं हिरवं करतंय."

"आता वो?"

"त्येला म्हणायचं, तू ऱ्हाऊ दे. सेटिंगमधी हार्डवेअर डिकोडिंगपुढची बरोबरची खूण काढून टाका, जुनी कॅशे, म्हंजी आधीचं साठवल्यालं चित्र, पुसून टाका, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करा. मग प्रोसेसर हातानं गाठ सोडंल. रडतखडत सोडंल, पण सोडंल."

ती खूण दीपमालानं स्वतः केली होती. कार्ड आणलं त्या दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, दर खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांबरोबर कॅबिनेटला झेंडूची माळ घातली. सगळं तपासताना ते सेटिंग तिच्या नजरेखालून गेलंही होतं. पण ज्याची पूजा केली त्याला 'तू बाजूला बस' असं कसं म्हणायचं, म्हणून तिकडं हातच गेला नव्हता.

"हितंच लावून दावू का?" बिराप्पानं माउसवर हात ठेवला.

गेले कित्येक दिवस तिला दुसरं काही नको होतं. तरी ती एकदम म्हणाली, "नको." दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, आणि तिला आत कुठंतरी भीती वाटत होती. तिथं तो चेहरा दिसला आणि तो नको तसा निघाला, तर उभं कुठं राहायचं? बिराप्पानं तिच्याकडं बघितलं आणि पेनड्राइव्ह काढून हातात दिला.

येताना तिनं गाडीतूनच विश्वजीतला फोन लावला. तो म्हणाला, "व्हय की काकी. न्हेमीच्या लग्नाला कोण ठेवतंय फुल? मेमरी कार्ड भरतंय पटाटा. पर आपल्या घरचं लग्न, म्हणून मुहूर्तापुरतं सगळं फुल ठिवलं हुतं. का वो? भारी आलंय का न्हाई?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण रागवावं कुणावर? मायेनं केलेलं काम होतं ते. "भारी आलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उदयसिंह रानात गेला. दीपमालानं खोलीचा पडदा ओढला. खूण काढली, कॅशे पुसली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. कार्डाला मनातल्या मनात म्हणाली, तुझं काही चुकलं नाही बाबा, पण आज बस. आणि क्लिप लावली.

चित्र आलं. हिरवं नाही, खरं. पण चालेना. जरा हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं. आवाजाचे तुकडे पडायला लागले. तिनं आवाज बंद केला आणि बाणाच्या बटणानं एकेक चित्र पुढं सरकवायला लागली. खोलीत काही वाजत नव्हतं. बटण दाबलं की लग्न एवढंसं पुढं जायचं, मग तिची वाट बघत थांबायचं. एवढं हळू लग्न तिनं कधी पाहिलं नव्हतं.

अंतरपाटाचं एक टोक खाली आलं. अक्षता उडाल्या आणि हवेतच राहिल्या, जात्याभोवती पीठ तरंगतं तशा. दाणा न् दाणा दिसत होता, कुंकवानं लाल झालेला. त्या दाण्यांच्या मागं मुंडावळ्या दिसल्या, मग कपाळ, मग भुवया. दीपमालाचं बोट बटणावर थांबलं. बराच वेळ थांबलं. बाहेर कोंबडी कुरकुरली, त्यानं ती भानावर आली आणि तिनं बटण दाबलं.

धैर्यशील मयूरीकडं बघत होता. मामा, भटजी, करवल्या, सगळे मयूरीकडं बघत होते. मयूरी कुणाकडंच बघत नव्हती. तिनं मान वळवली होती आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

अशी क्लिप आली की दीपमाला ती कापते. कॅमेऱ्याकडं बघितलं की चित्र खोटं वाटतं, हे तिनं लेकीलाही कितीदा सांगितलं होतं. त्याच खुर्चीशेजारी पाटी-दप्तर घेऊन वाढलेली पोर ती. आई कुठं थांबते, कोणता चेहरा बघते, तिला ठाऊक नसणार तर कुणाला? आई मांडवामागं आहे, तिला आत्ता दिसणार नाही, पण उद्या-परवा ती इथं येऊन थांबणारच, हे जाणून अख्ख्या हॉलला सोडून तिनं आईकडं बघितलं होतं.

ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मम्मी. डोळ्यांत पाणी होतं. भ्यायलेलीही होती पोरगी. पण पुढच्या चित्रात ती हसली, आणि तसंच हसू घेऊन धैर्यशीलकडं वळली, आणि ते हसू कुणी सांगून आणलेलं नव्हतं. एवढं दीपमालाला वाचता येत होतं. ती टेबलावर डोकं टेकून रडली, मन मोकळं होईपर्यंत रडली. मग तोंड धुतलं आणि माधवनगरला फोन लावला.

"बरं हाय, मम्मी," मयूरीनं आधीच सांगून टाकलं.

"मयूरे, तू माझ्याकडं बघितलंस."

मयूरी म्हणाली, "आज बघितलंस व्हय?"

"आज दिसलं."

"दुसऱ्यांच्या कॅसेटी तू आठ दिवसांत करतीस. मला वाटलं, कवाच बघितलं आसशील. बघून बी काय बोलली न्हाईस. मला वाटलं, तुला आवडलं न्हाई." बोलता बोलता ती रडायला लागली. "रोज फोन घेताना वाटायचं, आज तरी म्हणंल."

म्हणजे ते 'बरं हाय' माधवनगरचं नव्हतंच. ते रहिमतपूरसाठीच होतं. दोघी मायलेकी एवढे दिवस एकाच क्षणाच्या दोन बाजूंना तोंड फिरवून बसल्या होत्या. दीपमाला घाईघाईनं सांगायला लागली, की अगं ते कार्ड, जुन्या वळणाचं, त्याला गाठ सुटत नव्हती, विश्वजीतनं मायेनं सगळं फुल ठेवलं, कराडला बिराप्पा म्हणून एक आहे, ती खूण काढायची होती. मयूरी रडता रडता हसायला लागली.

"मम्मी, ते ऱ्हाऊ दे. मला कुठं काय दिसत हुतं तवा? तू काय काय बघितलंस ते सांग."

दीपमालानं फोन खांद्यानं कानाशी धरला, बाणाचं बटण उलटं दाबत अंतरपाटाशी आली, आणि एकेक चित्र पुढं सरकवत लेकीला तिचं लग्न सांगायला लागली.